भिड्यांच्या चार सोनू

२०२४ सालच्या आश्विनांतली गोष्ट. रात्रीं साडेआठाचा सुमार होता. आमच्या घरीं ही वेळ पानें मांडण्यापूर्वींची. आंत आमटीला फोडणी बसत असते, मुलांचे अभ्यास अर्धेमुर्धे झालेले असतात, आणि आमच्या मातोश्री माजघरांतील आपल्या खुर्चीवर दूरचित्रवाणीच्या संचासमोर बसून वाती वळीत असतात. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' ही मालिका लागली कीं घरांतील लहानथोर मंडळी एकेक करून तेथें गोळा होतात. त्या रात्रीं पडद्यावर भिडे मास्तरांची मुलगी सोनू आली, आणि तिला पाहतांच आमचा आठ वर्षांचा धाकटा पुतण्या मोठ्यानें ओरडला, "आजी, ही खोटी सोनू आहे!" मुलाचें म्हणणें खोटें नव्हतें. इतके दिवस तो जिला सोनू म्हणून ओळखत होता ती ही मुलगी नव्हेच. मातोश्रींनीं वात वळणें न थांबवितां उत्तर दिलें, "अरे, तिची आई तिला सोनू म्हणते आहे ना? मग तीच सोनू. आतां गप्प बैस आणि पाहूं दे."

खटला एका वाक्यांत निकालांत निघाला. आमच्या मनांतून मात्र तो गेला नाहीं. पुढें त्याच दिवाळींत आमच्या घरीं असा कांहीं प्रसंग घडला कीं, मातोश्रींच्या त्या वाक्याचा अर्थ आम्हां सर्वांनाच नव्यानें शिकावा लागला. तो प्रसंग सांगण्यासाठींच आज हा विषय हातीं घेतला आहे. परंतु तेथवर जाण्यापूर्वीं, ज्या वाचकांच्या घरीं ही मालिका पाहिली जात नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे.

ही हिंदी मालिका 'सब' वाहिनीवर २८ जुलै २००८ रोजीं सुरू झाली, आणि तिचे चार हजारांहून अधिक भाग झाले आहेत. तिचें मूळ आमच्यासारख्याच एका सदरलेखकाच्या लेखणींत आहे, हें सांगतांना आम्हांस साहजिकच थोडा अभिमान वाटतो. प्रसिद्ध गुजराती विनोदी लेखक तारक मेहता (१९२९-२०१७) यांनीं १९७१ सालीं 'चित्रलेखा' या साप्ताहिकांत 'दुनियाने ऊंधा चश्मा' हें सदर सुरू केलें. त्याच्या आधारावर ही मालिका उभी राहिली. मुंबईच्या गोरेगांव भागांत कल्पिलेली गोकुलधाम नांवाची एक वसाहत, आणि तींत शेजारीशेजारी राहणारीं गुजराती, मराठी, पंजाबी, तमिळ, बंगाली अशीं नाना प्रांतांचीं कुटुंबें. त्यांतलें मराठी घर भिड्यांचें. आत्माराम तुकाराम भिडे हे मूळचे रत्नागिरीकडचे, शिकवण्या घेणारे, शिस्तीचे आणि काटकसरीचे गृहस्थ. वसाहतीचे 'एकमेव सेक्रेटरी' म्हणून स्वतःची ओळख करून देणारे. आपल्या जुन्या स्कूटरला 'सखाराम' म्हणून जिवापाड जपणारे. त्यांच्या सौभाग्यवती माधवीबाई लोणचीं-पापड करून विकतात. हें चित्र कोणत्याही मराठी पांढरपेशा घरास परकें वाटण्याजोगें नाहीं. आमच्याच आळींत असे दोन भिडे आहेत. फरक इतकाच कीं त्यांच्या स्कूटरींस नांवें नाहींत.

या भिडे दांपत्याची एकुलती एक मुलगी म्हणजे सोनू. आई-बापांच्या भूमिका मंदार चांदवडकर आणि सोनालिका जोशी यांनीं २००८ सालापासून अखंड केल्या आहेत. मुलगी मात्र तीनदां बदलली. पहिली झील मेहता. ती २००८ पासून २०१२ पर्यंत होती. तिच्यामागून निधी भानुशाली आली आणि २०१९ पर्यंत राहिली. नंतर पलक सिंधवानी २०२४ पर्यंत; आणि त्या वर्षीं खुशी माळी ही चौथी सोनू झाली. हिशेब केला तर पहिलीचीं चार वर्षें, दुसरीचीं सात, तिसरीचीं पांच. आई तीच, बाप तोच, सखारामही तोच. आणि घरांतली लेक मात्र चार चेहऱ्यांची.

असें कां होतें याचीं कारणें व्यवहारांतलींच आहेत. दैनंदिन मालिकेचें काम म्हणजे नाटकाच्या प्रयोगासारखें तीन तासांचें नव्हे. रोज एक भाग दाखवावयाचा तर रोज चित्रीकरण पाहिजे, आणि त्यांत गुंतलेल्या शाळकरी मुलीस दहावीची परीक्षा द्यावयाची असते, पुढें महाविद्यालयांत जावयाचें असतें. पहिल्या दोघींनीं शिक्षणासाठींच ही भूमिका सोडली. असा प्रसंग आला कीं मालिका करणारांपुढें तीनच वाटा उरतात. त्या पात्राचा कथेंतच शेवट करणें ही पहिली. परंतु हंसऱ्याखेळत्या मालिकेंत मुलीचा मृत्यु दाखविणें शोभत नाहीं. तिला शिक्षणाच्या निमित्तानें परगांवीं पाठवून देणें ही दुसरी. परंतु परगांवीं गेलेली मुलगी फार दिवस परतली नाहीं तर प्रेक्षक आई-बापांस विचारूं लागतात. तिसरी वाट सर्वांत सोपी: त्याच नांवानें दुसरी मुलगी आणून उभी करणें. त्यासाठीं कथेंतलें एक वाक्यही बदलावें लागत नाहीं. अमेरिकेंतील जुन्या दैनंदिन मालिकांत अशा वेळीं निवेदक निदान एवढें तरी सांगत असे कीं, अमुक भूमिका आजपासून अमुक नटी करील. आपल्याकडे तेवढेंही सांगण्याची चाल नाहीं. आई 'सोनू' म्हणून हांक मारते, नवी मुलगी 'आई' म्हणते, आणि कथा पुढें चालूं लागते.

भूमिका एक आणि नट अनेक, हा प्रकार मराठी माणसास नवा नाहीं. आपल्या संगीत रंगभूमीवर भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा डोळ्यांत साठविलेल्या रसिकांनीं पुढें बालगंधर्वांची सुभद्रा पाहिली. जुन्या मंडळींनीं 'आमच्या वेळची सुभद्रा निराळीच' असें म्हणून सुस्कारे टाकले असतील. परंतु कोणीही 'ही खोटी सुभद्रा' असें म्हटलें नाहीं. नाटकाचा पडदा रात्रीं पडतो. सुभद्रेचें लग्न तेथेंच होतें, ती कधीं म्हातारी होत नाहीं आणि उद्यां पुन्हां कुमारिका म्हणून उभी राहते. आपण तिच्याकडे तिकीट काढून जातों, ती आपल्याकडे येत नाहीं. मालिकेंतली माणसें मात्र आपल्या माजघरांत येतात, रोज येतात, आपल्या जेवणाच्या वेळेला येतात. त्यांच्याबरोबर आपलीं मुलें वाढतात, आपले केस पिकतात. म्हणून नाटकांतला नट बदलला तर आपण रसिक म्हणून तुलना करतों, आणि मालिकेंतला चेहरा बदलला तर घरांतलें माणूस बदलल्यासारखें आपणांस वाटतें.

तरीही या वाटण्याचें आयुष्य फार थोडें असतें, असा आमचा अनुभव आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही झी मराठीवरील मालिका (२०१६-२०२१) पुष्कळांच्या स्मरणांत असेल. तींतील शनायाची भूमिका आरंभीं रसिका सुनील करीत होत्या. २०१८ सालीं त्यांच्या जागीं ईशा केसकर आल्या, तेव्हां आमच्या घरच्या महिलामंडळानें आतां मालिका पाहण्यांत राम राहिला नाहीं असा ठराव केला. पंधरा दिवसांत ठराव विसरला गेला. पुढें २०२० सालीं रसिका सुनील परत आल्या, तेव्हां त्याच मंडळानें पहिलीच शनाया दुसरीसारखी वाटत नाहीं अशी कुरकुर केली! मनुष्याच्या डोळ्यास संवयीचें माणूस हवें असतें, आणि संवय व्हावयास पंधरा दिवस पुरतात. मूळचें कोण आणि मागाहूनचें कोण, हा भेद डोळा फार काळ जपत नाहीं.

भूमिकेचे चेहरे बदलण्याचें याहून मोठें उदाहरण विलायतेंतील आहे. बी. बी. सी. वरील 'ईस्टएंडर्स' ही मालिका १९ फेब्रुवारी १९८५ रोजीं सुरू झाली. लंडनच्या पूर्व भागांतील एका कल्पित चौकांत राहणाऱ्या सामान्य कुटुंबांची ती कथा आहे. तींत फिल मिचेल नांवाचा एक दांडगट गृहस्थ आहे. ही भूमिका स्टीव्ह मॅकफॅडन या नटानें १९९० सालापासून केली आहे. या फिलला १९९६ सालीं कथेंत बेन नांवाचा मुलगा झाला. २०२४ पर्यंत त्या बेनची भूमिका एकामागून एक सहा जणांनीं केली. बाप एक आणि मुलाचे चेहरे सहा. म्हणजे भिड्यांच्या सोनूहूनही दोन अधिक.

परंतु या दोन उदाहरणांत एक महत्त्वाचा भेद आहे. तान्हेपणीं बेनला मेंदूज्वर झाला आणि त्याच्या श्रवणशक्तीस कायमची इजा पोंचली. पुढें नट कितीही बदलले तरी ही गोष्ट त्या मुलाच्या आयुष्यांतून पुसली गेली नाहीं. २०२० सालीं तर एका भागांत प्रेक्षकांस बेनच्याच कानांनीं अर्धवट ऐकावयास लावून त्याचें दुःख दाखविलें. लहानपणीं बापाच्या भावी पत्नीनें केलेला छळही कथा विसरली नाहीं. तेथें चेहरा बदलतो, पण मुलगा मोठा होतो. तान्हा होता तो शाळकरी झाला, शाळकरी होता तो तरुण झाला, आणि आपल्या पूर्वायुष्याचें ओझें घेऊन झाला. नट बदलावा लागला तो पुष्कळदां या वाढीसाठींच.

आमच्या सोनूचें तसें नाहीं. २००८ सालीं ती शाळेंत जात होती. सोळा वर्षांनंतर ती फार तर महाविद्यालयांत पोंचली होती. टप्पू आणि त्याच्या सवंगड्यांच्या घोळक्यांत ती तशीच वावरते, बाबा तसेच उपदेश करतात, आई तशीच मध्यस्थी करते. याबद्दल मालिकेस दोष देणें मात्र अन्यायाचें होईल. हास्यरसाचा हा नियमच आहे कीं त्यांत कोणी वयानें वाढूं नये. काल फुटलेली खिडकीची कांच उद्यां पुन्हां फुटण्यासाठीं शाबूत असावी. परंतु खऱ्या मुली या नियमानें बांधलेल्या नसतात. ज्या झील मेहतानें पहिली सोनू रंगविली तिचें प्रत्यक्ष लग्न २०२४ च्या डिसेंबरांत झालें. त्याच वर्षीं गोकुलधामांत चौथी सोनू विद्यार्थिनी म्हणून वावरूं लागली होती. एक सोनू बोहल्यावर चढली, आणि भिड्यांच्या घरीं सोनूच्या अभ्यासाची काळजी चालूच होती!

याच मालिकेंतील दुसरी एक गोष्ट या ठिकाणीं आठवते. जेठालाल गडा यांची पत्नी दया ही या मालिकेचा जीव. ती भूमिका करणाऱ्या दिशा वकानी २०१७ सालीं बाळंतपणासाठीं रजेवर गेल्या. त्यानंतर दयेच्या जागीं दुसरी कोणी न आणतां ती जागा कित्येक वर्षें रिकामी ठेवली गेली. ती माहेरीं आहे, येईल, येईल, असें सांगून प्रेक्षकांस धीर दिला गेला. मुलें मात्र बदललीं. सोनू चारदां झाली. टप्पूचेही तीन झाले, भव्य गांधी, राज अनादकट आणि २०२३ पासून नितीश भलूनी. तेव्हां यांत मुलगा-मुलगी असा पंक्तिभेद नाहीं. भेद आहे तो मोठ्यांत आणि मुलांत. घरांतल्या बाईची जागा दुसरीला देतांना हात अडखळतो आणि मुलाची जागा दुसऱ्यास देतांना अडखळत नाहीं, हें असें कां?

आमच्या मतें याचें उत्तर मालिका करणारांपाशीं नसून आपणां पाहणारांपाशीं आहे. दया म्हणून आपण एका विशिष्ट बाईवर प्रेम करतों, तिच्या त्या आवाजावर, त्या गरब्यावर. सोनू म्हणून मात्र आपण त्या मुलीवर प्रेम करीत नाहीं. तिच्या वयावर करतों. घरांत एक हंसरी, हुशार, थोडी हट्टी, आई-बापांच्या शब्दांत असलेली मुलगी असावी, एवढेंच आपलें मागणें असतें. ती मुलगी वयांत आली, तिला स्वतःची वाट दिसूं लागली, कीं ती वाट तिला खुशाल चालूं द्यावी आणि रिकाम्या जागेवर दुसरी लहान मुलगी आणावी, हें आपणांस चालतें. पडद्यावर यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. घरीं मात्र दुसरी लहान मुलगी आणतां येत नाहीं. मग आपण दुसरेंच कांहीं करतों: वाढलेल्या मुलीलाच पहिल्या जागेवर बसवूं पाहतों, आणि ती तेथें मावली नाहीं कीं तिच्यावर रागावतों.

आतां त्या दिवाळीचा प्रसंग सांगतों. आमची थोरली पुतणी दोन वर्षांपासून पदव्युत्तर शिक्षणासाठीं बंगळूरास होती. मधल्या सुट्ट्यांत तिचें येणें उभ्या उभ्या झालें होतें. दिवाळीस ती दहा दिवसांसाठीं आली. केस आंखूड कापलेले, बोलणें मोजकें, रात्रीं उशीरापर्यंत दिवा लावून वाचणें. लहानपणीं तिला तिखट अजिबात सोसत नसे, म्हणून आमच्या वहिनी तिच्यासाठीं फिकी आमटी निराळी काढून ठेवीत. त्या दिवशींही त्यांनीं ती प्रेमानें काढून ठेवली. मुलगी हंसून म्हणाली, "आई, मला आतां सगळ्यांचीच आमटी चालते. तिकडे याहून तिखट खातें मी." एवढीशी गोष्ट; परंतु वहिनींचा चेहरा उतरला. "तूं पूर्वीची राहिली नाहींस," असें त्या म्हणाल्या, आणि मातोश्रींनीं मान हलवून त्यास दुजोरा दिला. आम्हीही गप्प राहिलों. गप्प राहणें म्हणजे त्या वेळीं दुजोराच होता.

खरें कारण आमटीच्या पलीकडचें होतें. मुलगी येण्यापूर्वींच एका चांगल्या घराण्यांतून विचारणा आली होती, आणि तिच्या आई-वडिलांनीं तिला न विचारतां तिची पत्रिका देऊन टाकली होती. यांत त्यांचा दुष्ट हेतु मुळींच नव्हता. बारावीला असतांना 'तुम्ही म्हणाल तसें' असें म्हणणारी मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तिच्या वतीनें त्यांनीं होकार गृहीत धरला. घरी आल्यावर मुलीस हें समजलें, आणि तिनें शांतपणें सांगितलें कीं, तिला आणखी चार-पांच वर्षें संशोधन करावयाचें आहे, त्याविषयींचें पत्र तिनें वडिलांस उन्हाळ्यांतच पाठविलें होतें. आमच्या बंधूंनीं तें पत्र वाचलें होतें. मुलीचें एक पोरकट स्वप्न म्हणून कौतुकानें घडी घालून कपाटांतही ठेवलें होतें.

त्या रात्रीं सारे नेहमींप्रमाणें माजघरांत जमलों होतों, पण कोणी कोणाशीं बोलत नव्हतें. पडद्यावर सोनू आली. आमचा धाकटा पुतण्या आतां कांहीं ओरडला नाहीं. पंधरा दिवसांत त्याचीही ती सोनू झाली होती. थोरलीनें त्याला विचारलें, "कां रे, ही खोटी आहे म्हणून सांगत होतास ना फोनवर?" तो म्हणाला, "आतां हीच सोनू आहे." तेव्हां ती मातोश्रींकडे वळून हळूच म्हणाली, "आजी, या घरांत चौथ्या सोनूला पंधरा दिवसांत सोनू म्हणूं लागलां. मी तर तीच आहें. मला किती दिवस लागतील?"

आवाजांत राग नव्हता. राग असता तर उत्तर देणें सोपें झालें असतें. मातोश्रींच्या हातांतली वात तशीच राहिली. वहिनी पदरानें डोळे टिपीत उठून आंत गेल्या. आम्ही या मासिकांतून वर्षानुवर्षें गृहसौख्यावर चार शब्द लिहीत आलों. परंतु त्या प्रश्नास योग्य असें एक वाक्य आम्हांस सुचलें नाहीं.

मागाहून विचार करतां आम्हांस असें दिसून आलें कीं, प्रत्येक घरांतली मुलगी एकोणीस-वीस वर्षांत चार रूपें तरी घेते. पांच वर्षांची, बारा वर्षांची, अठरा वर्षांची आणि चोवीस वर्षांची, या चौघींचीं छायाचित्रें शेजारीं शेजारीं मांडून परक्या माणसास दाखविलीं तर त्या चार निराळ्या मुली वाटाव्यात. त्या एकच आहेत हें सांगणारी साक्ष एकच असते, ती घराची. मालिकेंत चार निराळ्या मुलींना आई एका नांवानें हांक मारते आणि आपण तिचा शब्द मानतों. घरांत एकाच मुलीच्या चार रूपांना तीच ओळख देणें याहून कितीतरी सोपें असावयास पाहिजे. परंतु आपण पहिल्या रूपाला खरें म्हणतों आणि पुढच्या प्रत्येक रूपाला 'पूर्वीची राहिली नाहीं' म्हणून नापसंत करतों. जी तक्रार आमच्या धाकट्यानें पडद्यावरच्या सोनूविरुद्ध केली, तीच आम्ही मोठीं माणसें आमच्याच मुलीविरुद्ध करीत होतों. आणि धाकटा पंधरा दिवसांत शहाणा झाला, आम्ही झालों नव्हतों.

मुलीच्या आयुष्यांत भूमिका बदलण्याचा हा खेळ आपण परंपरेनेंही खेळत आलों आहों. लग्न झाल्यावर ताटांतल्या तांदळांत अंगठीनें नवें नांव लिहावयाचें, आणि काल जी कुसुम होती तिनें आजपासून रमा व्हावयाचें, ही चाल आपल्या घरांत कालपरवांपर्यंत सर्रास होती. मालिकेंत नांव तेंच राहून चेहरा बदलतो. येथें चेहरा तोच राहून नांव बदलत असे. पाहिजे होती ती त्या घराची सून. तींत शिरणारी मुलगी कोण होती, हें पुसलें तरी चालत होतें. आतां पुष्कळ मुली आपलें नांव तसेंच ठेवतात, आणि सासरचीं माणसें पेढे वांटून त्यास संमति देतात, ही समाधानाची गोष्ट आहे. पण सासरीं नांव राखून दिलेल्या मुलीला माहेरीं तिचें वाढलेलें वय राखूं दिलें नाहीं, तर अर्धेंच काम झालें म्हणावयाचें.

मुलांनीं बदलावें आणि मोठ्यांनीं मुकाट्यानें पाहावें, असें आमचें म्हणणें नाहीं. बदलांतही चांगलें-वाईट असतें आणि तें सांगण्याचा अधिकार घरातल्या वडील माणसांना आहेच. परंतु तो अधिकार आज समोर बसलेल्या मुलीस ओळखल्यावर चालवावा. दहा वर्षांपूर्वींच्या मुलीला दिलेला सल्ला आजच्या मुलीच्या उपयोगीं पडत नाहीं, आणि तिनें तो मानला नाहीं म्हणून तिला उद्धट ठरविणें न्यायाचें नाहीं.

आमच्या घरची हकीकत अर्धवट ठेवूं नये म्हणून सांगतों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या बंधूंनीं त्या गृहस्थांना स्वतः फोन करून, मुलीचें शिक्षण चालू असल्यामुळें तूर्त विचार नाहीं, आधीं पत्रिका देण्यांत आपलीच घाई झाली, असें सरळ सांगून क्षमा मागितली. ते गृहस्थही समंजस निघाले. नंतर बंधूंनीं कपाटांतलें तें उन्हाळ्यांतलें पत्र काढून पुन्हां वाचलें आणि मुलीला समोर बसवून तिच्या संशोधनाचा विषय समजून घेतला. तो त्यांना पूर्ण समजला असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु दोन तास ते ऐकत होते, मधून मधून प्रश्न विचारीत होते.

दुपारीं पानें वाढलीं गेलीं. मातोश्री आपल्या पाटावर बसून पाहत होत्या. वहिनींनीं त्या दिवशीं फिकी आमटी निराळी काढली नव्हती. पळी हातांत धरून त्या मुलीच्या पानाशीं क्षणभर थांबल्या, आणि एखाद्या पाहुणीला विचारावें तसें नव्हे, तर एखादी गोष्ट पहिल्यानेंच शिकत असल्याप्रमाणें त्यांनीं विचारलें, "किती वाढूं ग?"